फोटोपुरता धूर

४ मार्च

ठिणगे,

तुझं पत्र आणि पत्रकांचा गठ्ठा बाटल्यांच्या ट्रकवाल्यानं आणून दिला. पत्रकं मी चहाच्या बाकावर ठेवली. एकानं त्यावर पेला ठेवला, दुसऱ्यानं चार-पाच पत्रकांची घडी घालून बाकाच्या आखूड पायाखाली सरकवली. बाक आता डुगडुगत नाही. तुझ्या पक्षानं कामगारांसाठी काहीच केलं नाही, असं यापुढे कुणी म्हणू नये.

रागावू नकोस. तू ‘कार्बन शुल्क’ लिहितेस, इथे सगळे ‘धूरपट्टी’ म्हणतात. घरपट्टी, पाणीपट्टी, धूरपट्टी, उद्या श्वासपट्टी. जमलेले पैसे घरोघरी परत वाटणार, हे मी वाचून दाखवलं तेव्हा पहिलवान इतका हसला की त्याला ठसका लागला. पहिलवान म्हणजे काचेच्या भट्टीवरचा माझा जोडीदार. अंगानं काडी, म्हणून हे नाव. म्हणाला, “लबाडाचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही.” दुसरा पक्षही काही धुतल्या तांदळाचा नाही. पट्टी रद्द करू म्हणतो आणि पत्रकावर हिरवंगार झाड छापतो. सत्तेत होते तेव्हा हीच पट्टी ते दुसऱ्या नावानं आणणार होते. आम्ही विसरलो असं त्यांना वाटतं.

पण एक गंमत तुलाच सांगतो. पट्टी लागल्यापासून आमच्या मालकाला घाम फुटलाय. भट्टीतून धुराड्याकडे जमिनीखालून बोगदा जातो, त्याची विटांची कमान जुनी झालीय. उष्णता वाया जाते, तेल फुकट जळतं. आम्ही ओरडून थकलो, त्यानं ऐकलं नाही. आता स्वतःच म्हणतो, यंदा नवा बोगदा बांधू, तेल कमी लागेल, पट्टीही कमी बसेल. म्हणजे तुमचं औषध थोडं लागू पडतंय म्हणायचं. हे मी बाकावर बोललो नाही. उगाच कशाला तुमच्या पक्षाचा शिक्का लावून घेऊ?

पक्षावर माझा काडीचा विश्वास नाही. तुझ्या शब्दावर आहे. लहानपणी माझी बरणी फोडलीस तर आधी येऊन सांगायचीस आणि मग रडायचीस.

तुझ्या आईला सांग, ताई, फोनवर ओरडत जाऊ नकोस. भट्टीत हवा मारणाऱ्या ब्लोअरच्या आवाजानं माझे कान कधीच गेले, समोरच्याचं बोलणं मी तोंडावरून ओळखतो, फोनला तोंड कुठलं? आणि मेसेजात माणूस अर्धंच बोलतो. तू आपली लिहीत जा.

तुझा मामा

९ मार्च

प्रिय मामा,

बाकाचं वाचून आई आणि मी खूप हसलो. ऑफिसात मात्र सांगितलं नाही. आमच्या प्रचारप्रमुखांनी बाकाचाही फोटो मागवला असता.

फोटोवरूनच एक काम आहे. आम्ही दिवसभर इथे आकडे मांडतो, तक्ते काढतो, आणि सभेत एखादा आजोबा उठून विचारतो, “हवा तर स्वच्छ दिसतेय, पट्टी कशाची?” काय सांगणार? जे जगाला तापवतंय ते डोळ्यांना दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीसाठी कुणी खिशात हात घालत नाही. आम्ही हरलो तर शुल्क जाईल. मग तुझ्या मालकाचा घाम लगेच वाळेल आणि तुझा नवा बोगदाही गेला समज.

पोस्टरसाठी धुराड्याचा फोटो हवाय, काळ्या धुराचा. तुमचं धुराडं उंच आहे, मागे मोकळं आकाश आहे. फोटोग्राफर येऊन बघून गेला. म्हणाला, धूर दिसतच नाही. मामा, थोडा वेळ काळा धूर काढता येईल का? फोटोपुरता. कारखान्याचं नाव कुठेही छापणार नाही.

तुझी ठिणगी

१२ मार्च

ठिणगे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं थट्टा करतेस.

आमच्या धुराड्यातून धूर दिसत नाही याचा मला अभिमान आहे. काळा धूर म्हणजे भट्टीवाल्याची फजिती. तेल धड जळलं नाही की धूर येतो. तो काढायचा तर हवा तोडायची, म्हणजे भट्टी घुसमटवायची. मग न जळलेलं तेल बोगद्यात शिरतं आणि तिथे जाऊन पेटतं. कुठे? त्याच जुन्या कमानीखाली, जी कशीबशी उभी आहे. कमान बसली तर धुराची वाट बंद आणि भट्टी विझवण्यावाचून इलाज नाही. काचेची भट्टी म्हणजे दिवा नव्हे, फुंकर मारली आणि पुन्हा लावला. आतली काच थिजली की संपलं.

तू म्हणतेस ते न दिसणारं आमच्या धुराड्यातून बाहेर पडतं, हे मला मान्य आहे. तू शिकवलंस तेव्हापासून मान्य आहे. पण खरी गोष्ट पटवायला खोटा धूर कशाला? याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

दुसऱ्या कुणी असं विचारलं असतं तर मी पत्र भट्टीत टाकलं असतं. तू विचारलंस म्हणून ‘नाही’ असं लिहून कळवतोय, तेही सविस्तर. पुन्हा विचारू नकोस.

मामा

१५ मार्च

प्रिय मामा,

बरं. विषय संपला, नाही विचारणार.

वेगळ्याच कारणानं लिहितेय. आईला चार दिवस बरं वाटत नाही. जिना चढताना धाप लागते. दुखण्याचं बोलत नाही, पण तुझी सारखी आठवण काढते. येत्या शनिवारी येशील का? मुक्कामालाच ये. ट्रकवाला तुला दारात सोडेल, मी त्याला सांगून ठेवलंय. पहिलवान एक दिवस भट्टी सांभाळेलच की.

नक्की ये. मी रविवारपर्यंत दौऱ्यावर आहे, म्हणजे भेट होणार नाही, पण आईला बरं वाटेल.

तुझी ठिणगी

२३ मार्च

ठिणगे,

भट्टी गेली.

ताईकडे छान दिवस गेला. धाप वगैरे काही दिसली नाही, उलट मलाच म्हणाली, किती वाळलास. मला बघून बरी झाली असेल. खुशीत परत आलो. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि कळलं. ब्लोअर मला ऐकू येत नाही, पण पायांना कळतो, तिथली जमीन सतत थरथरत असते. ती गप्प होती.

बोगद्याची कमान खाली आलीय. भट्टीच्या डोळ्यातून, म्हणजे आत बघायच्या भोकातून पाहिलं. इतकी वर्षं मी तिथे पांढरा उजेड बघितला, डोळे मिटल्यावरही तो दिसायचा. आता आत करडा अंधार आहे. काच थिजली. परवापासून आम्हीच ती घणानं फोडून काढतोय. जी ओतायची ती फोडतोय.

कुणाला इजा झाली नाही, एवढंच नशीब. पण कुणी धड सांगतही नाही. पहिलवान माझ्या नजरेला नजर देत नाही. मालक म्हणतो, जुनी होती, पडली. मला वाटतं यानं तेल वाचवायला काहीतरी उद्योग केला. धूरपट्टीच्या धसक्यानं केला. नवा बोगदा आता कुठला? “या पट्टीत भट्टी परवडत नाही,” असं म्हणून कारखाना बंदच करायचं चाललंय.

मी तिथे असायला हवं होतं. जेवत बसलो आणि इकडे भट्टी घुसमटली, हे मनातून जात नाही.

दुसऱ्या पक्षाचे लोक आले होते. दहा तारखेला फाटकासमोर सभा आहे. मी मंचावरून सांगावं म्हणतात, की भट्टी धूरपट्टीनं मारली. माझं अजून ठरलं नाही. तुला काही माहीत असेल तर लिही. तू लिहिलंस तर मी मानीन.

मामा

२८ मार्च

प्रिय मामा,

वाचून फार वाईट वाटलं. तू स्वतःला दोष देऊ नकोस. तुझा काहीही दोष नाही, हे मी खात्रीनं सांगते.

बाकी मला इथून काय कळणार? जुन्या कमानी कधी ना कधी पडतातच. मी वरिष्ठांशी बोलले आहे. निवडून आलो तर तुमच्या कारखान्यासाठी मदतीची योजना आणता येईल, असं ते म्हणाले.

पण त्या मंचावर जाऊ नकोस. ते लोक तुला वापरतील, तुझं अर्धंच वाक्य उचलतील. तुझा शब्द लोक मानतात, म्हणूनच त्यांना तू हवा आहेस. माझं एवढं ऐक.

इथे कामाची फार गडबड आहे. आई बरी आहे.

तुझी ठिणगी

५ एप्रिल

आदरणीय बाईसाहेबांस,

काल बसथांब्यावर आपल्या पक्षाचं पोस्टर पाहिलं. भलंमोठं आहे. ‘हा धूर कोण थांबवणार?’ असं त्यावर विचारलेलं आहे.

धुराडं आमचं आहे. वरून तिसरं लोखंडी कडं मी स्वतः बसवलेलं आहे, ते जरा तिरकं आहे. आमच्या धुराड्यातून इतका काळा धूर मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. पहिलवानाला थांब्यावर नेऊन उभं केलं. तो तिथेच रडायला लागला. म्हणाला, वरून, आपल्या पक्षातून मालकाला सांगणं आलं होतं, मालकानं हुकूम सोडला आणि याला हवा तोडावी लागली. सांगणाऱ्या बाईंनी असंही कळवलं होतं म्हणे, की भट्टीप्रमुख त्या दिवशी गावाला असतील, अडचण येणार नाही.

मी माझ्या बहिणीकडे का गेलो होतो, हे आपणांस ठाऊक आहे. मला आत्ता कळलं.

‘निवडून आलो तर मदतीची योजना’ हे आपलं वाक्य मी बाकावर वाचून दाखवलं. या वेळी पहिलवान हसला नाही.

दहा तारखेला मी मंचावर जाणार आहे. कळावे.

भट्टीप्रमुख

८ एप्रिल

मामा,

हो. मीच मालकांना फोन केला. तुला शनिवारी घरी मीच बोलावलं, तू तिथे नसावास म्हणून. आईला काही झालेलं नव्हतं. प्रचारप्रमुख म्हणाले, पाच मिनिटांत काय होतंय, आणि मला ते खरं वाटायला हवं होतं, म्हणून वाटलं. तू सगळं समजावून लिहिलं होतंस. मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. बोगदा पडल्याचं तुझं पत्र आलं तेव्हा बरणी फुटल्यावर यायचे तशी धावत यायला हवं होतं. मी योजनेचं लिहिलं. मला माझीच किळस येते.

हे सगळं तुला सावकाश लिहिणार होते, पण आज सकाळी आई न्हाणीच्या दारात पडली. उजवा हात आणि पाय हलत नाही. तोंड वाकडं झालंय, बोलता येत नाही. इस्पितळात आहोत. डॉक्टर म्हणतात, पुढचे दोन-तीन दिवस जपायचे आहेत. ती दाराकडे बघते. कुणाची वाट बघते ते मला माहीत आहे.

ये, मामा. तुला मेसेज केलाय, कारखान्याच्या फाटकावर फोन करून निरोपही ठेवलाय. हे पत्र शिल्लक बाटल्या न्यायला निघालेल्या ट्रकवाल्याच्या हाती देतेय. दहा तारखेचं काय करायचं ते तू ठरव, पण आधी ये.

ठिणगी

९ एप्रिल

बाईसाहेब,

मेसेज पाहिला, निरोपही मिळाला, पत्रही वाचलं. तीन-तीन दिशांनी एकच बातमी आली की मला आता जास्तच संशय येतो.

सभेच्या ऐन तोंडावर ताई आजारी. मागच्या खेपेला धाप होती, या खेपेला थेट इस्पितळ. या वेळी कशाचा फोटो काढायचा आहे?

दुधानं तोंड पोळलंय. ताक फुंकून पिणार. मी येत नाही.

भट्टीप्रमुख

१३ एप्रिल

मामा,

पेपर वाचला. ‘धूरपट्टीनेच भट्टी मारली — भट्टीप्रमुखांचा घणाघात.’ खाली तुझा हात उंचावलेला फोटो आहे. तू एवढंच बोलला असशील असं मला वाटत नाही. पण माझ्या वाटण्याला आता काय किंमत?

मी पक्ष सोडला. तो धूर मुद्दाम काढलेला होता आणि तो मी काढायला लावला, असं सही करून पेपरला दिलं. त्यांनी छापलं नाही. दुसऱ्या पक्षाचा एक माणूस मात्र इस्पितळात शोधत आला. म्हणाला, हे आमच्या मंचावर सांगा. मी म्हटलं, सांगते, पण कार्बन शुल्क हवंच हेही सांगणार. तो हातातली फळंसुद्धा परत घेऊन गेला. पोस्टरं अजून आहेत. लोक त्यांच्याखाली उभे राहून बसची वाट बघतात आणि म्हणतात, सगळे सारखेच. त्यांना काय सांगू? आधी माझंही म्हणणं होतं की लोक समजून घेत नाहीत. लोकांना सगळं समजतं, मामा. त्यांना माझ्यासारखी माणसं भेटलेली असतात.

आई जगली. बोलत नाही. मी तिला सगळं सांगितलं, शनिवारचंही. तिनं डोळे मिटून घेतले आणि दिवसभर माझ्याकडे बघितलं नाही. आज मात्र खुणेनं पेन मागितलं. उजवा हात चालत नाही, म्हणून डाव्या हातानं खाली लिहिलंय. मी तिचा हात धरला नाही, कागद तेवढा धरला.

मी ‘ये’ म्हणत नाही. तो शब्द मी वापरून संपवला.

ठिणगी

भाऊ ये. पोरगी या वेळी खरं बोलते.

१५ एप्रिल

ठिणगे,

ताईचं अक्षर मी ओळखलं नाही. तिचं अक्षर कसं वळणदार, आणि हे असं, चिलटं मारल्यासारखं. म्हणूनच ते खरं मानलं. खोटं करणाऱ्यानं तिच्या वळणाची नक्कल केली असती, फोटोत शोभेल अशी.

मंचावर मी काय बोललो ते सांगतो. आधी म्हणालो, धूरपट्टी आली आणि त्यानंतर आमची भट्टी मेली. टाळ्या पडल्या, म्हणजे हात हलताना दिसले. मग म्हणालो, पण पट्टीनं नाही मारली. पट्टीमुळे तर नवा बोगदा होणार होता. मारली ती एका पक्षाच्या फोटोनं आणि मालकाच्या हांजी हांजीनं. आणि तुम्ही, ज्यांनी मला इथे उभं केलंय, तुम्हालाही भट्टीचं काही पडलेलं नाही. बराच वेळ बोललो. तुझं नाव घेतलं नाही. हात उंचावून बोललो, गळा सुकेपर्यंत बोललो. मनात म्हटलं, बघा, सगळे कसे गप्प बसून ऐकतायत.

खाली उतरल्यावर पहिलवानानं हातवारे करून सांगितलं. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी माईक बंद केला होता आणि गाणी लावली होती. मला कुठलं ऐकू येतंय? लोकांना माझे नुसते ओठ हलताना दिसले. भर मंचावर मी मूकनाट्य करून आलो. तू लिहिलं होतंस, अर्धंच वाक्य उचलतील. त्यांनी अर्ध्याचंही अर्धं उचललं. तुझं ते एक म्हणणं खरं होतं, पण तेव्हा ते तुझ्या तोंडून आलेलं होतं, मी कसं मानणार?

आणि त्या वेळात ताई दाराकडे बघत पडली होती. याचा राग मी तुझ्यावर काढणार होतो. बराचसा काढणारही आहे. पण पत्र माझ्या हातात होतं आणि न येण्याचं मीच ठरवलं, तेवढा वाटा माझा.

भट्टी पुन्हा पेटणार नाही. पहिलवान दुसरीकडे काम शोधतोय. बाकावरची माणसं विचारतात, पट्टी चांगली की वाईट? मी म्हणतो, पट्टी चांगली असेल, पण आणणाऱ्यांचे हात बघा. मग ते म्हणतात, म्हणजे वाईटच की. यावर काय म्हणायचं ते मी शोधतोय. तुला सापडलं तर सांग.

निघतोय. ट्रकवाला शेवटची खेप भरतोय, पुढे त्याच्याच शेजारी बसेन. म्हणजे हे पत्र आणि मी एकदमच पोचू, आणि मी ते माझ्या हातानं तुला देईन. तू वाचेपर्यंत मी ताईपाशी बसेन. तू काही बोललीस तर मला ऐकू येणार नाही, आणि तोंडावरून ओळखायचं तर तुझं तोंड आता मला वाचता येत नाही. म्हणून मागच्या बाजूला जागा कोरी सोडलीय. सगळं पहिल्यापासून लिहून दे, फोन कधी केलास, कुणाला काय म्हणालीस, सगळं. बरं दिसावं म्हणून काही घालू नकोस.

मी तिथेच बसून वाचीन. सगळं खरं मानीन असं आज वचन देत नाही. पण शेवटपर्यंत वाचीन, मध्येच बंद करणार नाही.

मामा